सरबतातला बर्फ

एप्रिल-मे आला की अनेक घरांत फ्रिजच्या ट्रेमध्ये एक हौशी उद्योग सुरू होतो. ट्रेच्या प्रत्येक खणात एखादे द्राक्ष, आंब्याची छोटी फोड किंवा डाळिंबाचे चार दाणे टाकायचे, वर पाणी घालायचे आणि रात्रभर ट्रे तसाच ठेवायचा. सकाळी निघालेले खडे लिंबाच्या किंवा कोकमाच्या सरबतात सोडले की पाहुणे कौतुक करतात. पण बारकाईने पाहणाऱ्याची थोडी निराशाही होते. खड्याच्या कडा काचेसारख्या स्वच्छ असतात आणि मध्यभाग मात्र पांढुरका, धुरकट. फळ नेमके त्या धुक्यातच अडकलेले असते!

हा पांढरेपणा कुठून येतो ते पुढे पाहू. त्याआधी एक साधा प्रश्न. ज्या देशात बहुतेक ठिकाणी पाणी आपोआप कधीच गोठत नाही, त्या देशात उन्हाळ्याच्या पेल्यात बर्फ आला कसा? वीज आली, फ्रिज आला आणि बर्फ आला, असे विद्यार्थी सहज सांगतात. ते खरे नाही. विजेच्या कितीतरी आधी गंगेच्या मैदानात माणसे मातीच्या परळांत बर्फ तयार करत होती. तो कसा तयार करायचा हे त्यांना पक्के ठाऊक होते. तो का तयार होतो हे मात्र युरोपातल्या विद्वानांना पहिले लेखी वर्णन वाचल्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी उमगले. या चाळीस वर्षांची हकिकत विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे, असे आम्हाला वाटते.

सुरुवात अकबराच्या दरबारापासून करू. अबुल फजलच्या 'आइन-इ-अकबरी'त बादशहाच्या पाण्याच्या कोठीचे, म्हणजे आबदारखान्याचे, वर्णन आहे. त्यात पाणी गार करण्याची कृती मापासकट दिली आहे. जस्ताच्या, चांदीच्या किंवा तशाच धातूच्या सुरईत एक शेर पाणी घालून तोंड बंद करायचे. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि त्यात ही सुरई पाव तास फिरवत राहायची. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. बंदुकीची दारू करण्यासाठी तो उत्तर हिंदुस्थानात मुबलक तयार होई. तो पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, त्यामुळे द्रावण दहा-पंधरा अंशांनी गार होते. जेठाच्या उन्हात ही चैनच म्हणायची. शिवाय द्रावण उन्हात आटवले की सोरा परत मिळतो.

पण या कृतीने बर्फ होत नाही. उन्हाळ्यात तीस अंशांवरचे पाणी पंधरा अंशांनी उतरले तरी शून्य बरेच दूर राहते. शिवाय पाण्यात सोरा घालून कितीही खटपट केली, तरी त्या मिश्रणाला उणे तीन अंशांच्या खाली जाता येत नाही. म्हणूनच १५८५-८६ मध्ये बादशहाचा मुक्काम पंजाबात हलला, तेव्हा खरा बर्फ उत्तरेच्या डोंगरांतून लाहोरला आणण्याची व्यवस्था झाली. नावा, गाड्या आणि डोक्यावर ओझे वाहणारी माणसे यांच्या टप्प्याटप्प्याने तो येत असे. अबुल फजल सांगतो की उन्हाळ्यात सगळ्या थरांतले लोक बर्फ वापरत आणि उमराव तो वर्षभर वापरत. 'सगळ्या थरांतले' म्हणजे नेमके किती हे अर्थातच आपण सावधपणे घ्यायला हवे.

हिमालयापासून लांब असलेल्या अलाहाबादला (आजचे प्रयागराज) किंवा हुगळीला अशी सोय नव्हती. तिथल्या लोकांनी वेगळी वाट काढली. तिचे पहिले तपशीलवार वर्णन सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज सेनाधिकाऱ्याने लिहिले आणि ते १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये छापले गेले. बार्कर बंगालमध्ये कंपनीच्या फौजेचा प्रमुख होता. अलाहाबादला त्याच्या पदरी बर्फ करणारी माणसे होती आणि हिवाळ्यात ती त्याच्या मेजाला उन्हाळाभर पुरेल इतका बर्फ साठवत.

कृती अशी. मोकळ्या मैदानात साधारण ३० फूट लांब, तेवढेच रुंद आणि २ फूट खोल असे तीन-चार खड्डे खणायचे. तळाशी वाळलेला ऊस किंवा मक्याची ताटे यांचा आठ इंच ते एक फूट जाडीचा थर पसरायचा. त्यावर मातीची, झिलई न दिलेली उथळ परळे ओळीने मांडायची. परळाची जाडी पाव इंच, खोली सव्वा इंच. संध्याकाळी अंधार पडू लागला की उकळून घेतलेले हलके पाणी त्यांत ओतायचे. पहाटे सूर्य वर येण्याच्या आत येऊन पाहायचे. रात्र अनुकूल असेल तर परळांत बर्फ धरलेला असे. तो टोपल्यांत भरून चौदा-पंधरा फूट खोल अशा दुसऱ्या खड्ड्यात नेत. त्या खड्ड्याला आतून गवताचे आणि जाड घोंगड्यांचे अस्तर असे. तिथे बर्फ धुम्मसाने ठोकून ठोकून बसवला की त्याचा एकच गड्डा होई. वर पुन्हा गवत, घोंगडी आणि छप्पर. डिसेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम.

उन्हाळ्यात या साठ्याचे काय करत तेही बार्करने लिहून ठेवले आहे. चांदीच्या पातळ, निमुळत्या पेल्यांत सरबत किंवा साय भरायची, झाकण कणकेने लिंपून टाकायचे आणि बर्फ, सोरा व मीठ यांच्या मिश्रणात हे पेले पुरायचे. थोड्याच वेळात आतला पदार्थ घट्ट होई. साधे पाणी ठेवले तर ते इतके कठीण होई की फोडायला हातोडी आणि सुरी लागे. कुल्फीचे साचे पाहिलेल्या माणसाला हे वर्णन वाचून आपल्या गल्लीतल्या माणसाची भेट झाल्यासारखे वाटेल. आणि फळांचा रस गोठवून उन्हाळ्यात खाणे ही फ्रिजच्या कंपन्यांनी शिकवलेली गोष्ट नव्हे, हेही त्यातून कळते.

आता खरा पेच. बार्कर म्हणतो की या भागात नैसर्गिक बर्फ त्याने पाहिलेला नाही. हवेचे तापमान शून्याच्या वरच असताना परळातले पाणी मात्र गोठते. हे कसे?

बार्करचे उत्तर बाष्पीभवनाचे होते. सच्छिद्र मडके पाझरते, पाझरलेले पाणी उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. आपल्या माठाचेच तत्त्व. मडक्याखालच्या पोकळ ताटांतून गार हवा खेळते आणि या कामाला मदत करते, असे त्याने म्हटले. हे उत्तर त्या काळाला साजेसेच होते. वीसएक वर्षांपूर्वी एडिंबरोच्या विल्यम कलनने निर्वात भांड्यात ईथर उडवून पाणी गोठवले होते. १७५८ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन हॅडली यांनी थर्मामीटरच्या फुग्यावर पुन्हा पुन्हा ईथर लावून पारा गोठणबिंदूच्या बराच खाली नेला होता. बाष्पीभवनाने थंडावा येतो, हे तेव्हाचे ताजे, प्रतिष्ठित विज्ञान होते. ताजी गुरुकिल्ली हातात असली की प्रत्येक कुलपाला ती लावून पाहावीशी वाटते.

पण बार्कर चांगला निरीक्षक होता, आणि आपल्याच उत्तराला छेद देणारी एक गोष्ट त्याने प्रामाणिकपणे नोंदवली. कधी कधी अंगाला झोंबणारी थंडी असते, तरी परळांत बर्फ जवळजवळ धरत नाही. उलट एखादी रात्र शांत, निरभ्र आणि अंगाला जरा उबदारच वाटणारी असते, तेव्हा परळे तळापर्यंत गोठतात. वारा फिरत राहिला की काम बिघडते, हे त्याच्या माणसांना चांगले ठाऊक होते.

जरा थांबून विचार करा. कपडे वाऱ्यावर लवकर वाळतात, माठाचे पाणी वाऱ्यावर जास्त गार होते. बाष्पीभवन हेच मुख्य कारण असते, तर वाऱ्याच्या रात्री बर्फ जास्त व्हायला हवा होता. होत होते उलटे. ही विसंगती छापील पानावर होती आणि रॉयल सोसायटीच्या सभासदांनी ती वाचलीही होती. पण तिच्याकडे लक्ष देण्यासाठी लागणारी दुसरी किल्ली अजून घडली नव्हती.

मधल्या काळात पाणी उकळून का घेत असत, या प्रश्नाने जोसेफ ब्लॅकला पछाडले. अप्रकट उष्म्याची कल्पना मांडणारा हाच तो ब्लॅक, कलनचा शिष्य. त्याने थंडीत दोन पेल्यांत उकळलेले आणि न उकळलेले पाणी शेजारी शेजारी ठेवून प्रयोग केला आणि त्याचा वृत्तान्तही १७७५ मध्येच त्याच नियतकालिकात आला. उकळलेले पाणी गोठणबिंदूला पोचताच गोठू लागे. न उकळलेले मात्र पुष्कळदा त्याच्याही खाली द्रवच राही, आणि ढवळले की एकदम गोठे. उकळलेले पाणी हवा परत शोषत असते, त्यामुळे त्यात सतत बारीकशी खळबळ असते, असा त्याने तर्क केला. हा विषय अजून पुरता मिटलेला नाही. १९६३ मध्ये टांझानियातल्या एरास्टो म्पेम्बा या शाळकरी मुलाला आइस्क्रीम करताना गरम मिश्रण आधी गोठलेले दिसले. वर्गात विचारले तर शिक्षकांनी 'हे म्पेम्बाचे पदार्थविज्ञान' म्हणून त्याला हसण्यावारी नेले. पुढे १९६९ मध्ये डेनिस ऑस्बर्न या प्राध्यापकांबरोबर त्याचा लेख छापून आला. असा परिणाम खरोखर नेमाने होतो का, यावर आजही वाद आहे. पण प्रश्न हसण्याजोगा नव्हता.

परळांकडे परत येऊ. १७९३ मध्ये जॉन लॉइड विल्यम्स याने बनारसच्या बर्फाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानेही हवा गोठणबिंदूच्या वर असताना बर्फ धरतो हे थर्मामीटर लावून दाखवले. ही सगळी सामग्री घेऊन उत्तर शोधणारा माणूस निघाला तो लंडनमधला एक डॉक्टर, विल्यम चार्ल्स वेल्स. त्याचा मूळ विषय बर्फ नव्हताच, दव होता. प्रकृती तोळामासा, व्यवसाय बेताचा, आणि हा माणूस रात्री मित्राच्या बागेत लोकरीचे छोटे पुंजके वजन करून ठेवत असे. सकाळी पुन्हा वजन केले की दव किती पडले ते कळे. एक पुंजका उघड्या आकाशाखाली, एक फळीखाली. आकाश दिसणाऱ्या पुंजक्यावर दव जास्त. थर्मामीटर लावल्यावर त्याला दिसले की निरभ्र, शांत रात्री गवत हे त्याच्या वरच्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी थंड असते. म्हणजे दव पडल्यामुळे गवत थंड होत नव्हते; गवत आधी थंड होत होते आणि म्हणून त्यावर दव धरत होते.

दुसरी किल्ली तोवर तयार झाली होती. जिनिव्हाच्या पिएर प्रेव्हो याने १७९१ मध्ये मांडले होते की प्रत्येक वस्तू सतत उष्णतेचे प्रारण करत असते आणि सभोवतालच्या वस्तूंकडून ते घेतही असते. देणे जास्त आणि घेणे कमी झाले की वस्तू थंड होते. रात्री जमीन, गवत, पाणी हे सगळे आकाशाकडे उष्णता सोडत असतात. आकाश ढगाळ असेल तर ढग बरीचशी परत करतात. निरभ्र आणि कोरडे असेल तर परतफेड तुटपुंजी असते. वारा नसेल तर हवेकडूनही भरपाई होत नाही. वेल्सने १८१४ च्या आपल्या दवावरील निबंधात हा धागा थेट बंगालच्या परळांपर्यंत नेला. वारा बर्फाला मारक का, याचे उत्तर आता मिळाले. वारा हवेची ऊब परळापर्यंत आणून पोचवतो. आणि ताटे कोरडी ठेवण्याची एवढी काळजी का? बाष्पीभवनाने थंडावा येत असता तर ओले गवत अधिक उपयोगी ठरले असते. पण कोरडे गवत उष्णतारोधक असते, जमिनीची ऊब वर येऊ देत नाही. ओले झाले की तो गुण जातो. बर्फ करणारे कामगार ताटे कोरडी ठेवत होते, खड्डा मोकळ्या मैदानात काढत होते, परळ उथळ घेत होते आणि निवांत, चांदणी रात्र निवडत होते. त्यांच्या प्रत्येक सवयीला प्रारणाच्या सिद्धान्तात जागा होती. बाष्पीभवनाची थोडी मदत होतेच, ती कुणी नाकारत नाही. मुख्य काम आकाशाचे.

या निबंधाबद्दल वेल्सला रॉयल सोसायटीचे रम्फर्ड पदक मिळाले. त्या निबंधात एक कबुली आहे, ती आम्हाला फार आवडते. कोवळी रोपे थंडीने मरू नयेत म्हणून माळी त्यांच्यावर पातळ चटई पसरत. इतक्या पातळ आडोशाने काय होणार, असे म्हणून वेल्स आधी हसत असे. आपल्या प्रयोगांनंतर त्याने लिहिले की ते हसणे अर्ध्या ज्ञानाच्या गर्वाचे होते. चटई थंड हवेला अडवत नव्हती, ती रोपाला आकाशापासून झाकत होती.

एक हिशेब वर्गात फळ्यावर करून पाहण्यासारखा आहे. निरभ्र, कोरड्या रात्री एक चौरस मीटर पृष्ठभाग प्रारणाने तासाला सुमारे ६० किलोकॅलरी निव्वळ उष्णता गमावू शकतो. परळांत एक सेंटिमीटर पाणी आहे असे धरू. म्हणजे चौरस मीटरला १० किलो. ते १५ अंशांपासून शून्यावर आणायला १५० किलोकॅलरी काढायला हव्यात. दहा तासांच्या रात्रीत ६०० गेल्या, तर उरल्या ४५०. एक किलो पाणी गोठायला ८० लागतात, म्हणजे साधारण साडेपाच किलो बर्फ, अर्धा सेंटिमीटरहून थोडा जाड थर. हवेकडून काही उष्णता परत येते, बाष्पीभवनाने काही जाते, म्हणून हिशेब ढोबळ आहे. पण परळ सव्वा इंचच खोल का आणि हंडा का नाही, ते यातून लगेच कळते. त्या कारागिरांनी हा हिशेब केला नव्हता. त्यांनी परळ तेवढे केले होते.

आणि त्यांची नावे आपल्याकडे नाहीत. बार्करचे नाव आहे, विल्यम्सचे आहे, वेल्सचे आहे. अलाहाबादला राहिलेल्या फॅनी पार्क्स या इंग्रज बाईच्या १८५० च्या प्रवासवर्णनातही या खड्ड्यांची हकिकत आहे. पण कोणत्या रात्री परळे भरायची हे आकाश पाहून ठरवणारा माणूस प्रत्येक वर्णनात 'बर्फ करणारे' या शब्दांतच राहून जातो. विज्ञानाच्या इतिहासात असे पुष्कळ वेळा होते, आणि आम्हाला ते सवयीने मान्य करावेसे वाटत नाही.

या उद्योगाचा शेवट एका गलबताने सुरू केला. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर १८०६ पासून न्यू इंग्लंडमधल्या तळ्यांवरचा बर्फ कापून उष्ण प्रदेशांत विकत होता. १८३३ मध्ये त्याचे 'टस्कनी' जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघाले. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचे. लाकडाच्या भुशाच्या जोरावर १०० टनांच्या आसपास बर्फ कलकत्त्याला शाबूत उतरला! सरकारने जकात माफ केली, माल रात्री उतरवायची परवानगी दिली. या व्यापारात बर्फाबरोबर बॉल्डविन जातीची सफरचंदेही येत. फळ आणि बर्फ यांची ही जोडी जुनीच. हुगळीचा, परळांतला बर्फ गढूळ आणि भुसभुशीत असे. तळ्याचा बर्फ घट्ट, स्वच्छ आणि स्वस्त. स्पर्धा फार काळ टिकणारी नव्हती.

मुंबईलाही हा बर्फ १८३०च्या दशकात पोचला. कोटात गोदीजवळ त्याच्यासाठी घुमटाचे बर्फघर बांधले गेले. त्या जागी पुढे कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट उभी राहिली. सर जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि यजमान-पाहुणे सगळ्यांना पडसे झाले, अशी गोष्ट मुंबईच्या जुन्या आठवणींत सांगतात. मद्रासचे बर्फघर तर अजून उभे आहे. १८९७ मध्ये तिथे स्वामी विवेकानंद राहिले होते आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. हेन्री थोरोने १८५४ च्या 'वॉल्डन'मध्ये आपल्या तळ्याचे पाणी मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे लोक पितात याची गंमत नोंदवली आहे. गंगेकाठच्या परळांतला बर्फ मात्र कुणी मॅसॅच्युसेट्सला नेला नाही.

तळ्याचा बर्फ इतका पारदर्शक का असतो? इथे आपल्या ट्रेमधल्या द्राक्षाचे उत्तर आहे. बर्फाचा स्फटिक आपल्या रचनेत पाण्याच्या रेणूंशिवाय कुणाला सहसा जागा देत नाही. विरघळलेले क्षार, रंग, साखर, हवा यांना तो पुढे ढकलत जातो. शून्य अंशाच्या एक लीटर पाण्यात सुमारे २९ मिलिलीटर हवा विरघळलेली असते. बर्फात जवळजवळ नाही. तळे वरून खाली, सावकाश गोठते. ढकललेली हवा आणि क्षार खालच्या पाण्यात निघून जातात, वर स्वच्छ बर्फ राहतो. लंडनमध्ये १८४०च्या दशकात एका अमेरिकी बर्फ कंपनीने दुकानाच्या खिडकीत बर्फाची लादी ठेवून तिच्यामागे वर्तमानपत्र लावले होते, आणि रस्त्यावरचे लोक ते लादीतून वाचत! फ्रिजचा ट्रे मात्र चहूबाजूंनी गोठतो. ढकललेल्या हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही, ती मध्यभागी बुडबुड्यांच्या रूपात अडकते आणि प्रकाश विखुरते. तोच पांढरेपणा.

कारखान्यांनाही ही अडचण आली. फ्रान्सच्या फेर्दिनां कारेने १८५९ मध्ये अमोनियावर चालणारे यंत्र केले. १८७४ मध्ये मद्रासला आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला यंत्राने बर्फ करणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि काही वर्षांत अमेरिकेचा बर्फ येणे बंद पडले. डब्यांत गोठवलेल्या लाद्या पोटात पांढऱ्या निघत. मग ऊर्ध्वपातित पाणी वापरणे, गोठताना हवा सोडून पाणी हलते ठेवणे, शेवटी उरलेले मधले गढूळ पाणी उपसून काढणे असे उपाय निघाले. ते साधल्यावर मोठ्या मेजवान्यांत फुले आणि फळे आत दिसणाऱ्या लाद्या मांडण्याची टूम निघाली. आपल्या पेल्यातला फळाचा खडा हे त्याच मिरवणाऱ्या लादीचे घरगुती पिल्लू. भारतीय बनावटीचा फ्रिज गोदरेजने १९५८ मध्ये काढला, आणि बर्फ हळूहळू घरातच होऊ लागला.

स्वच्छ दिसणारा बर्फ स्वच्छ असतोच असे नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे. गोठल्याने बहुतेक रोगजंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. गोळेवाल्याकडचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा की मासे टिकवण्यासाठी केलेला, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणूनच महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याची सक्ती झाली.

आता ट्रेमध्ये फळ स्वच्छ दिसावे यासाठी काय करावे? पाणी उकळून गार करून घ्या. हवा बरीच कमी होते. (अलाहाबादच्या कारागिरांचे उकळलेले पाणी आठवा.) मग ट्रेऐवजी थर्माकोलच्या उघड्या पेटीत मावेल असे भांडे घ्या आणि पेटीसकट फ्रीझरमध्ये ठेवा. बाजू आणि तळ झाकलेले असल्याने पाणी तळ्यासारखे वरून खाली गोठेल. पूर्ण गोठण्याआधी बाहेर काढून खालचे उरलेले पाणी ओतून टाका. फळ बसवायचे असेल तर पातळ थर गोठवून त्यावर फळ ठेवा आणि मग वर पाणी घाला. द्राक्ष पाण्यात बुडते, सफरचंदाची फोड पोटातल्या हवेमुळे तरंगते; थर दिल्याशिवाय दोन्ही मध्यभागी राहत नाहीत. आमच्या अनुभवात शिक्षकांच्या शिबिरात सगळ्यात जास्त चर्चा होते ती याच्या शेजारी ठेवलेल्या कोकम सरबताच्या साध्या ट्रेची. त्याच्या खड्याच्या कडा फिक्या आणि गाभा गडद लाल निघतो. बर्फ रंगाला ढकलत नेतो, हे न सांगताच दिसते.

फळ घातल्याने बर्फाचा थंडावा कमी होतो का, असाही प्रश्न येतो. फार नाही. २० ग्रॅमचा खडा २०० मिलिलीटर सरबताला तीस अंशांवरून साधारण वीसवर आणतो, आणि त्यातले बहुतेक काम वितळण्याच्या ८० कॅलरी करतात. द्राक्षातही ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, तेव्हा गोठलेले द्राक्ष ग्रॅममागे बर्फाच्या चारपंचमांश काम करते. तेवढ्याच वजनाचा थंड केलेला दगड मात्र सरबत एखाद्या अंशानेही गार करत नाही.

आकाशाकडे उष्णता सोडण्याची युक्ती पुस्तकात पडून राहिलेली नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात आस्वथ रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा थर तयार केला की तो सूर्यप्रकाश परतवतो आणि अवरक्त प्रारण आकाशाकडे सोडतो. भर उन्हात तो आजूबाजूच्या हवेपेक्षा जवळजवळ पाच अंशांनी थंड राहिला. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हवा चार-पाच अंशांवर असताना गाड्यांच्या टपांवर दव गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, त्याही याच कारणाने. निफाडच्या द्राक्षबागांत निरभ्र पहाटे शेकोट्या पेटवतात. धूर आकाश झाकतो असे म्हणतात. अवरक्त प्रारणाला धूर फारसा अडवत नाही, उपयोग होतो तो शेकोटीच्या उबेचा आणि तिने हलवलेल्या हवेचा. पण धोका कोणत्या रात्री आहे, हे तिथला शेतकरी अचूक ओळखतो.

डिसेंबर-जानेवारीत शाळेच्या गच्चीवर हे करून पाहता येईल. थर्माकोलच्या दोन तुकड्यांवर सारख्या दोन पसरट मातीच्या ताटल्या ठेवा, दोन्हींत अर्धा सेंटिमीटर पाणी घाला. एक उघड्या आकाशाखाली, दुसरी बाकाखाली, पण बाजू मोकळ्या. पहाटे सहाला दोन्हींतल्या पाण्याचे आणि शेजारच्या हवेचे तापमान घ्या. सलग दहा रात्री करा, आणि तापमानाच्या रकान्याशेजारी दोन रकाने आणखी आखा: ढग होते का, वारा होता का. कोकणात फरक कमी येईल, नागपूर-नाशिककडे जास्त. दमट हवा आकाशाचे काम निम्म्यावर सोडते.